नव्या सेक्रेटरीसाठी, मागच्या झाडीबद्दल

सोसायटीचे सेक्रेटरी झालात, अभिनंदन. हिशेब आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, हे जमून जातं. खरी डोकेदुखी इमारतीमागच्या झाडीची.

एप्रिलमध्येच फांद्या बघून घ्या. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, पहिल्या वादळात तोच गाड्यांवर येतो. पण माळ्याला परस्पर कुऱ्हाड देऊ नका. झाड आपल्या आवारात असलं तरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे तोडायला महापालिकेची परवानगी लागते. छाटणीसाठीही आधी अर्ज द्या. सोबत फोटो आणि कमिटीचा ठराव जोडा. मी एकदा ठराव जोडायला विसरलो. दुसरा अर्ज करेपर्यंत पाऊस आला आणि फांदी आपणहून पडली. (खाली स्कूटर माझीच होती.)

पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवायचा आग्रह कोणीतरी दरवर्षी धरतं. हो म्हणू नका, मुळांना हवा-पाणी लागतं. मीटरभर माती मोकळी ठेवा. पाचोळा जाळायचा नाही, खड्ड्यात कुजवायचा. नवीन लावायचं तर करंज, बहावा, ताम्हण, जूनच्या पावसात.

आणि आपण ठाण्यात, येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी आहोत. ओला कचरा रात्री उघडा ठेवला की कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो.