पाणी गाळायचा करवंटीचा कार्बन (ॲक्टिव्हेटेड कार्बन) घरी करायचाय? आधी हे वाच

भावा, करवंटी उत्तम आहेच, पण त्यावरचा काथ्या पूर्ण खरवडून काढ, नाहीतर नुसती राख वाढते. झाकणाच्या डब्यात भरून झाकणाला बारीक भोक पाड आणि बाहेर अंगणात जाळ, पडवीत अजिबात नको, कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघतो आणि त्याचा वास येत नाही. भोकातून धूर यायचा थांबला की झालं, डबा पूर्ण गार होईपर्यंत उघडू नको, हवा लागली की आतले निखारे पेटतात.

पण हा झाला साधा कोळसा. कंपनीवाले ८०० डिग्रीच्या वर वाफ सोडून त्याला बारीक छिद्रं पाडतात, घरी ते जमत नाही, म्हणून लोक कॅल्शियम क्लोराईड वापरतात, १०० ग्रॅम ३०० मिली पाण्यात (पाणी चांगलंच तापतं, सांभाळून), त्यात कोळशाची पूड दिवसभर भिजवायची, धुवायची आणि परत बंद डब्यात भाजायची.

टेस्ट मात्र कर हां. दोन बाटल्यांत पाणी घे, टिंक्चर आयोडिन टाकून कोऱ्या चहासारखा रंग आण, एकीत साधा कोळसा, दुसरीत तुझा कार्बन, वजन सारखं, पूडही सारखीच बारीक, हलव आणि गाळ. दोन्हींचा रंग सारखाच उतरला तर तुझी मेहनत फुकट.

आणि विहिरीचं मचूळ पाणी याने गोडं होणार नाही, मीठ कार्बनला धरता येत नाही. जंतूही मरत नाहीत, तेव्हा पाणी उकळूनच पी. वास आणि क्लोरीनसाठी मस्त.