मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला तर उजवा हात का लुळा पडतो? आणि बोलणं का जातं?

वायरिंगच उलटं आहे. हातापायांना हुकूम नेणारे बहुतेक मज्जातंतू खाली येताना, मानेच्या जरा वर, लंबमज्जेत (मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागात) पलीकडच्या बाजूला जातात. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी दोन्हीकडची गर्दी एकमेकांतून आरपार जाते ना, तसं. म्हणून डावीकडचा रक्तपुरवठा तुटला की उजवी बाजू जाते. (लहान मेंदू मात्र आपापल्याच बाजूचा तोल सांभाळतो.)

आता बोलणं. बहुतेकांची भाषेची केंद्रं डावीकडे असतात. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याला समजायचं बरंच, पण तोंडातून फक्त ‘टान’ निघायचं. तो गेल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या कपाळामागचा भाग खराब झालेला.

आमच्या नौपाड्यातल्या काकांचं तेच. चहात साखर हवी असली की कपाकडे बोट दाखवून नुसतं ‘ते... ते...’. पण गणपतीत आरती सुरू झाली आणि काका सगळ्यांबरोबर एकही शब्द न चुकता म्हणाले! काकूला रडूच फुटलं. चालीवर पाठ झालेलं असं पुष्कळदा शाबूत राहतं, त्यात उजव्या बाजूचाही हात असतो असं मानतात.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ अडखळली तर घरी तेल चोळत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्यातला बराच वेळ घोडबंदर रोडच खाऊ शकतो.