दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये माल शोधायला ते अ‍ॅडव्हान्स सर्च ऑपरेटर शिकायची खरंच गरज असते का?

गरज असते का म्हणून काय विचारता भाऊ, स्पेअर पार्टच्या धंद्यात हे ऑपरेटर, म्हणजे शोधताना टाकायच्या ?, *, ऑर असल्या खुणा, पहिल्या दिवशी शिकवायला पाहिजे. तुम्ही लिहिलंय आयटम हजारोनं आहेत आणि पोरं स्क्रोल करत बसतात, मग तर लैच गरज.

मी जालन्यात बेअरिंगच्या काउंटरवर असतो. मागं ऐन रब्बीत मंठ्याकडचे एक मामा मोटारीची जुनी बेअरिंग घेऊन आले, ग्रीसनं माखलेली, फडक्यानं पुसली तर आधी ६, पुढचा आकडा घासून गेलेला, मग ०५ आणि शेवटी डीडीयू. पोरानं अंदाजानं ६२०५ डीडीयू टाकलं, शून्य आलं, आणि तेव्हाचे माझे शेठ आतून म्हणू लागले की स्क्रीनवर नाही म्हणजे नाही, त्यांना संभाजीनगरला पाठव. इकडं गहू पाण्याला आलेला, लाईट रात्रीची, अन् हे म्हणतेत संभाजीनगरला जा!

मी ६?०५ टाकलं. प्रश्नचिन्हाच्या जागी कुठलंबी एक अक्षर चालतंय, म्हणून ६००५, ६२०५, ६३०५ तिन्ही आले. तिन्हीचा बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ मिलिमीटरच, बाहेरून मात्र ४७, ५२ आणि ६२. मापाचा व्हर्नियर लावला, ५२ भरलं, ६२०५ पक्की झाली. राहिलं सील. डीडीयू हे एनएसके कंपनीचं नाव, तसलंच दोन्हीकडं रबर सील असलं की एनटीएन कंपनीवाले एलएलयू लिहितेत आणि बाजारात सगळे २आरएस म्हणतेत. मग ६२०५ आणि कंसात डीडीयू ऑर एलएलयू ऑर २आरएस असं मारलं, म्हणजे तिन्हीतलं कुठलंबी चालेल, तर रॅकवर डबी होतीच, दुसऱ्या कंपनीची, २आरएस नावानं चढवलेली.

शेठ तरी म्हणले नशीब चांगलं तुझं. नशीब कशाचं त्यात? शून्य आलं म्हणजे माल नाही असं नसतंय, त्या नावानं नाही एवढंच. पण त्यांचं एकच, जुन्या माणसाला विचार, त्याला सगळं पाठ असतंय. तो जुना माणूस लग्नसराईत गावाला गेला की दुकानाला कुलूप लावायचं का मग?

हां, सॉफ्टवेअर कुठलं ते तुम्ही लिहिलं नाही, ते आधी बघा. एक्सेलमध्ये * आणि ? चालतंय, एसक्यूएल म्हणजे डेटाबेसची भाषा, तिच्या लाइक या शोधात त्याच कामाला % आणि _. पण % सुरुवातीलाच टाकला तर साधा इंडेक्स, म्हणजे लवकर शोधायला केलेली सूची, कामी येत नाही, आयटम लै असले की गोल फिरत बसतंय. आणि वजाच्या चिन्हाला जपा, ६२०५ नंतर चुकून स्पेस पडून -२आरएस झालं तर बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ २आरएस सोडून बाकीचं दाखव असा होतो, म्हणजे पाहिजे तेच गायब, असला नंबर अवतरणचिन्हात टाकायचा. नावं चढवतानाच एका पद्धतीनं चढवली तर ऑर कमी लागतंय हेही खरं, आम्ही तेही करतो म्हणलो होतो, शेठनं त्याला कधी वेळ दिला नाही.