गुणवाढीचे श्रेय देण्यापूर्वी

प्रिय,

तुझ्या अहवालाचा मसुदा मी दोनदा वाचला. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळेने जादा वर्ग घेतले, सत्राअखेर त्या मुलांची सरासरी चांगलीच वाढली आणि म्हणून उपक्रम यशस्वी झाला, असे तू लिहिले आहेस. त्यामागचे कष्ट आणि मुलांविषयीची तळमळ मला दिसते. तरीही हा निष्कर्ष अजून सिद्ध झालेला नाही, आणि तो का झालेला नाही हे समजून घेणे तुझ्या पुढच्या सगळ्या कामासाठी आवश्यक आहे.

ही मुले निवडली गेली ती एका चाचणीत सर्वांत कमी गुण मिळाले म्हणून. कोणत्याही चाचणीच्या गुणांत मुलाची खरी तयारी असते, तसा त्या दिवसाचा योगायोगही असतो: अंगात ताप होता, उतारा अनोळखी विषयावरचा निघाला, एक पान उलटायचेच राहून गेले. यादीच्या तळाशी अशी दुर्दैवी मुले प्रमाणाबाहेर गोळा होतात. पुढच्या चाचणीत ते दुर्दैव त्यांच्याच वाट्याला पुन्हा येत नाही, त्यामुळे काहीही न शिकवता या गटाची सरासरी थोडी वर सरकतेच. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात सरासरीकडे परतण्याची हीच प्रवृत्ती दाखवली होती. याच कारणाने पहिल्या चाचणीत अव्वल ठरलेल्या मुलांचे गुण पुढे थोडे उतरतात आणि त्यांच्या शिक्षकांना विनाकारण बोल लागतो. हा अन्याय मला फार खटकतो.

म्हणून तुलना हवी, आणि ती तितकेच कमी गुण मिळवूनही वर्गात जागा न मिळालेल्या मुलांशी हवी. जागा अपुऱ्या असतील तर गरजू मुलांत चिठ्ठ्या टाकाव्यात आणि उरलेल्यांना पुढच्या सत्रात घ्यावे. कोणाची ओळख वा कोणाचा आग्रह तिथे चालत नाही, आणि दोन्ही गट आरंभी सारखे असल्याचा भरवसाही मिळतो. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे ७९ शाळांतील ११,००० हून अधिक मुलांना अशाच यादृच्छिक पद्धतीने १३ ते १७ पटाच्या लहान आणि २२ ते २५ पटाच्या नेहमीच्या वर्गांत घातले गेले. लहान वर्गांतील मुले वाचनात आणि गणितात पुढे राहिली, आणि त्या निष्कर्षाला आजही वजन आहे ते मुख्यतः या वाटणीमुळे. अर्ध्यात वर्ग सोडून गेलेल्या मुलांनाही हिशेबातून वगळू नकोस. टिकून राहिलेल्यांचीच सरासरी काढली की उपक्रम आहे त्याहून चांगला दिसतो.

आता गुणांविषयी. स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका अनेक शाळांतील शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा एकाच उत्तरपत्रिकेला पन्नाशीपासून नव्वदीच्या पुढेपर्यंत गुण पडले. तुझी अखेरची चाचणी जादा वर्ग घेणाऱ्या शिक्षकांनीच तपासली आहे. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण ज्या मुलासाठी आपण महिनोन्‌महिने झटलो त्याचे अर्धवट उत्तर आपल्याला पूर्ण वाटू लागते. नावे झाकावीत, नमुना उत्तरांवरून निकष आधी ठरवावेत, सगळ्या मुलांचा पहिला प्रश्न संपवून मगच दुसऱ्याला हात घालावा, आणि काही उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे द्याव्यात.

सर्वांना सारखीच वागणूक दिली म्हणजे मूल्यमापन न्याय्य झाले, असेही समजू नकोस. गणिताचा शाब्दिक प्रश्न वाचताच न आलेल्या मुलाला शून्य दिले, तर त्या शून्यातून त्याच्या गणिताविषयी काहीच कळत नाही; तिथे प्रश्न वाचून दाखवणे योग्यच आहे. मात्र स्वतः वाचता येते का हेच पाहायचे असताना उतारा वाचून दाखवला, तर चाचणी दुसऱ्याच गोष्टीची होते. सवलत द्यावी की नाही, याचे उत्तर आपण नेमके काय मोजत आहोत यावर अवलंबून असते, आणि तेच तुझ्या मसुद्यात कुठेही लिहिलेले नाही.

पहिल्या दिवशी निवडलेल्या सर्व मुलांची यादी आणि नावे झाकलेल्या २० उत्तरपत्रिका, त्यांवर आधी दिलेले गुण न दाखवता, माझ्याकडे पाठव. मी त्या तपासून ठेवते, मग दोन्ही परीक्षकांच्या गुणांत किती अंतर पडते ते आपण समोरासमोर बसून पाहू.

तुझी हितचिंतक