नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनने धर्मांतरापलीकडे काही केलं का?

केलं, पण ते मोजायचं तर चर्चवरून नाही, शाळांवरून. मी नगरचाच (आता अहिल्यानगर, तोंडातून अजून नगरच निघतं), तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. १८३९ मध्ये आल्या सिंथिया फरार, लग्न न केलेल्या, एकट्या. त्यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले नगरला मित्र गोवंडे यांच्याकडे आले असताना त्यांनी या शाळा पाहिल्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. फरारबाईंच्या शाळांचं श्रेय फुल्यांनी स्वतःच पुढे दिलंय, त्यामुळे पुणेकरांनी वाद घालू नये.

मूळ हेतू धर्मप्रसाराचाच होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. खेड्यांत हाकेला ओ दिली ती मुख्यतः महार-मांगांनी. दुष्काळांनंतर बाप्तिस्मे वाढले, म्हणून ‘पोटासाठी धर्म सोडला’ असं हिणवलं जातं. हिणवणाऱ्यांनी गावच्या विहिरीवर कोणाला मज्जाव होता तेही सांगावं.

लहानपणी आमच्या गल्लीत एक आजी होत्या, मूळच्या नेवासे तालुक्यातल्या, मिशनच्या बोर्डिंगात चौथीपर्यंत शिकलेल्या. मुंबईहून कोणाची मनीऑर्डर आली की कुपनावरच्या दोन ओळी वाचून घ्यायला बायका त्यांच्या ओट्यावर. पाटलांच्या घरच्यासुद्धा! आजी चष्मा पुसायच्या, आधी स्वतःशी वाचायच्या, मग मोठ्यानं. वाईट बातमी असली तर आधी पाणी आणायला सांगायच्या.

मिशनचं नियतकालिक ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं. पुढे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूला अभंगात आणलं. आमच्याकडे चर्चमध्ये आजही टाळ-मृदंगावर भजन रंगतं. ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही याच वर्तुळातल्या.

जात मात्र चर्चच्या दारात गळून पडली नाही. सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ विचारतातच. वर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेले दलित अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. त्यामुळे कित्येक घरांत भिंतीवर येशू आणि पोराच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’.