साका की अवक्षेप?

नाशिकच्या एका वाचकाने विचारलं आहे. ते दुधाच्या कारखान्यात काम करतात. पनीर काढून उरलेल्या पाण्यातून, म्हणजे निवळीतून, दुग्धशर्करा परत मिळवायची कृती त्यांना मराठीत लिहून भिंतीवर लावायची आहे. त्यांचं वाक्य असं: 'निवळीत चुन्याची निवळी घालून दुग्धशर्करेचा साका बसवणे.' सहकाऱ्यांच्या मते 'साका' गावठी आहे, 'अवक्षेप' लिहावं.

साका गावठी म्हणून टाकू नका, फार नेमका शब्द आहे तो. इथे चालत नाही तो अर्थामुळे. पावसाळ्यात रामकुंडाशी गोदावरीचं पाणी तांब्यात भरून ठेवा. काही वेळाने वर पाणी नितळतं आणि तळाला तपकिरी माती बसते. हा साका. माती पाण्यात विरघळली नव्हतीच, नुसती मिसळलेली होती. दुग्धशर्करा मात्र पुरती विरघळलेली असते. लिटरभर निवळीत ४५ ते ५० ग्रॅम, तरी नुसती ठेवून ती खाली बसत नाही. कॅल्शियम क्लोराइड आणि कॉस्टिक सोडा घातला की कॅल्शियम तिला धरतं, दोघांचं न विरघळणारं संयुग होतं आणि पांढरा घन पदार्थ वेगळा पडतो. हा अवक्षेप. 'क्षिप्' म्हणजे टाकणे, 'अव' म्हणजे खाली. पुढे अवक्षेपही तळाला बसतो, म्हणून घोटाळा होतो.

मला जास्त मोह पडला तो 'निवळी'चा. आभाळ निवळतं, ताप उतरल्यावर चेहरा निवळतो, त्याच 'निवळणे'चा हा शब्द. निवळी नावाचं झाडही आहे. त्याची बी माठाच्या आतून घासली की गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो. पनीरवरचं हिरवट पाणी निवळी आणि चुन्यावरचं नितळ पाणीही निवळीच. एका वाक्यात दोन आल्या तर नवा कामगार गोंधळणार. शिवाय चुन्याच्या निवळीत लिटरला जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना असतो, या कामाला तो पुरणार नाही.

शाळेत त्याच निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ व्हायची, आठवतं? तोही अवक्षेपच, कॅल्शियम कार्बोनेटचा. तुमच्या कृतीत पुढे कार्बन डायऑक्साइड सोडतात तेव्हा हेच घडतं: कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाजूला पडतं आणि दुग्धशर्करा सुटी होऊन पुन्हा पाण्यात जाते.

तेव्हा भिंतीवर लिहा: 'पनीरच्या निवळीत कॅल्शियम क्लोराइड व कॉस्टिक सोडा घालून दुग्धशर्करेचा अवक्षेप मिळवणे.' साका शब्द टाकी धुण्याच्या सूचनेत ठेवा: 'तळाचा साका रोज काढणे.'