विमानतळावर लोडरचं (बॅगा चढवण्या-उतरवण्याचं) काम कसं असतं? दहावी पास भावाला जमेल का?

दहावीवर मिळतं, पण पाठ-कंबर धड हवी. एक बॅग ३२ किलोपर्यंत असू शकते. खरी कसोटी बोइंग ७३७ च्या पोटात. तिथे ताठ उभंच राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून बॅगा आत सरकवायच्या, रचायच्या, शेवटी जाळी बांधायची. मे महिन्यात आत नुसती भट्टी! (नी-पॅड पहिल्या पगारातच घ्यायला सांगा.) मोठ्या विमानांत सामान कंटेनरमधून जातं, तिथे जरा सुख.

नोकरी बहुतेकदा एअरलाइनची नसते, ग्राउंड हँडलिंग (विमानाची जमिनीवरची कामं बघणाऱ्या) कंपनीची असते, तीही कंत्राटी. पोलीस पडताळणीशिवाय विमानतळाचा पास नाही. आणि स्पर्धा म्हणाल, तर जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिन्याला हँडीमनच्या (म्हणजे लोडरच्याच) भरतीसाठी हजारो पोरं लोटली होती.